वहिनी, कुत्री बांधा

माझ्या डोळ्यांसमोर ते रान अजून येतं. ऊस तुटून गेलेला, रोटर मारून मोकळी टाकलेली काळी जमीन, कारखान्याच्या मळीचा आंबूस-गोड वास, आणि त्या जमिनीवरून धावणारी दोन कुत्री. एक तांबूस, एक राखी. आवाज नाही. पाय भुईला लागतायत की नाही तेही कळत नाही. रानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत कुणी लांब दोरा ओढावा आणि सोडून द्यावा, तसं काहीतरी. मी डोळे मिटले, उघडले, तरी ती धावतच होती.

मी स्वप्नाळू बाई नाही, हे आधीच सांगून टाकते. साताऱ्यात आम्ही चारचौघी मिळून बायकांच्या हक्कांची पत्रकं काढतो आणि एसटी स्टँडवर वाटतो. लोक त्यात भजी गुंडाळतात, तरी वाटतो. पत्रक लिहून लिहून मला एक सवय लागलीय: पहिल्या ओळीत आरोप, दुसऱ्या ओळीत पुरावा, तिसऱ्या ओळीत मागणी. हेही तसंच सांगते.

आरोप: माझ्या मावशीला तिच्याच घरातून उठवायचा बेत चालला होता. पुरावा: तिचा दीर. मागणी: एक कुत्री. कुत्रा नव्हे, कुत्री.

मावशी राहते माण तालुक्यात, दहिवडीच्या पुढं, गावापासून आत माळावर. पत्र्याच्या दोन खोल्या, दारात लिंब, बाजूला शेळ्यांचा वाडा. लांब पठारावर पवनचक्क्या फिरत असतात, त्यांची सावली नाही पण त्यांचं फिरणं तिच्या अंगणात येतं. काका मुंबईला गोदामात कामाला. दिवाळीला आणि जत्रेला येतात, बाकी वर्षभर फोनवर असतात. लेक लग्न होऊन गेली. शेजारी एक घर होतं, ते कुटुंब गेल्या वर्षी पुण्याला गेलं आणि जाताना आपलं कुत्रंही घेऊन गेलं. तेव्हापासून त्या माळावर दिवा लागतो तो एकट्या मावशीचा.

तेवढं निमित्त दिराला पुरलं. हा गृहस्थ फौजेतून रिटायर झालेला, गावात राहतो. वाईट माणूस नाही. मावशीचा गॅस सिलिंडर स्वतःच्या मोटारसायकलवर बांधून आणून देतो. पण त्याला दार कळत नाही. हाक नाही, खाकरणं नाही, थेट आत. चुलीपर्यंत येणार, भांड्यावरचं झाकण उचलणार आणि म्हणणार, "काय, आज हुलगा व्हय?" मावशी पदर सावरेपर्यंत तो बसलेलाही असायचा.

"वहिनी," तो म्हणायला लागला, "एकट्या बाईमाणसानं माळावर ऱ्हायचं न्हाई. गावात आमच्या मागल्या खोलीत या. हितं कुलूप लावू." आणि म्हणता म्हणता पुढच्या खोलीकडं अशा नजरेनं बघायचा की कडब्याच्या पेंढ्या कुठवर रचता येतील, हे त्याच्या तोंडावर दिसायचं. मी स्वतः बघितलंय.

मावशी हलायला तयार नव्हती. "माझं घर हाय. म्या का जाऊ?" एवढंच. शेवटी काकांनी मुंबईहून निकाल दिला की एखादं दांडगं कुत्रं ठेव आणि राहा. कुत्रं नसेल तर मात्र गावात जायचं. त्यावर दिरानं आपली पुरवणी जोडली. मावशीचा फोन स्पीकरवर होता, आणि मीही साताऱ्याहून त्याच कॉलवर होते.

"कुत्रं म्हंजे नर हां वहिनी. घरात एक तरी गडीमाणूस पायजे."

चाळीस वर्षं शेळ्या राखून, विहिरीचं पाणी ओढून, लेकीचं लग्न करून दिलेल्या बाईच्या घरात माणूस नव्हतं. चार पायांचा, शेपटीचा, तरी गडीमाणूस पाहिजे होता! मी तिथल्या तिथं ठरवलं की मादीच आणायची. कुठली, कशी, ते नंतर बघू.

कुत्रं दिरानंच शोधलं. इस्लामपूरजवळ एका ऊसवाल्याकडं शर्यतीच्या ग्रेहाऊंडची जोडी होती, एकाच वेताची, भाऊ-बहीण. दोन सांभाळणं त्याला होत नव्हतं, एक देणार होता. दिरानं असलं कुत्रं कुठल्याशा जत्रेत बघितलेलं. "आवं, कमरंएवढं उंच. बघूनच माणूस जागच्या जागी थांबतंय." दांडगं कुत्रं म्हणजे उंच कुत्रं, असा आमच्या फौजीचा हिशेब.

फेब्रुवारीत पिकअपनं निघालो. दीर गाडी चालवत, मी मध्ये, मावशी खिडकीशी, तिच्या मांडीवर शाळूची पिशवी. मुकं जनावर फुकट घेऊ नये, असं तिचं म्हणणं. मायणी, विटा गेलं आणि हळूहळू बाहेरचा तांबूस, उघडा मुलूख संपून हिरवं लागलं. उसाच्या ट्रॉल्या, पाण्यानं भरलेले पाट, पुन्हा ऊस. मावशी खिडकीला नाक लावून बघत होती. बऱ्याच वेळानं म्हणाली, "एवढ्या पाण्याच्या आवाजात ह्या लोकास्नी झोप कशी येत असंल गं?"

पाटाच्या पाण्यात ऊन तुटून तुटून वाहत होतं आणि मला स्वतःलाच पेंग येत होती.

कुत्र्यांचा मालक माझ्याच वयाचा निघाला. हसतमुख, बोलघेवडा. त्यानं दोघांना मोकळं सोडलं आणि दिरानं लगेच भरती सुरू केली. भरती म्हणजे खरोखरची भरती. साताऱ्याकडं फौजी माणसासमोर कुणी तरणं उभं राहिलं की तो आधी छाती बघतो. यानं तांबूस नराची छाती दोन्ही हातांनी मापली, दात बघितले, पुढचे पाय दाबले. मग खाली बसून नखं मोजायला लागला. वीस नखांचं कुत्रं शूर असतं, असं आमच्याकडं मानतात. अठराच भरली. पुन्हा मोजली.

"दोन कुठं गेली रं ह्याची?" तो मालकाला म्हणाला.

"फौजी, जेवढी आली तेवढीच हायती. म्या काय विकली न्हाईत."

दीर उठला, छाती काढली आणि नराकडं बघून ओरडला, "साऽवधान!" नरानं मान वळवली, सावकाश माझ्याकडं आला आणि आपलं सगळं अंग माझ्या मांडीवर रेलून उभा राहिला. भिंतीला टेकावं तसा. डोळे अर्धे मिटलेले. त्याच्या बरगड्यांखालचं काळीज माझ्या गुडघ्याला लागत होतं.

खरं ते लिहिते. मला नर आवडला. मी साताऱ्याहून मादीचा ठराव पास करून आले होते आणि हा प्राणी माझ्यावर टेकून झोपायच्या बेतात होता. ठराव बाजूला ठेवून मी त्याच्या कानामागं खाजवत उभी होते. कान रेशमाचे असतात त्यांचे. राखी मादी मात्र कुणाकडंच आली नाही. लांब कुंपणाशी उभी राहून वाऱ्याचा वास घेत होती.

"ऱ्हायलेल्याचं काय करणार?" मी मालकाला विचारलं.

"नर ऱ्हायला तर पळवायचा. मादी ऱ्हायली तर पिल्लं काढायची. मागणी हाय."

"किती वेळा?"

"आता ते काय... हुतील तवा हुतील."

मग मी बोलले. कुणाच्या पायावर कुणाची मजा, आणि कुणाच्या पोटावर कुणाचा धंदा, असं बरंच. पत्रकातली वाक्यं तोंडपाठ असतात, थांबवता येत नाहीत. मालक शेवटपर्यंत ऐकत होता. मग म्हणाला, "ताई, पाणी आणू का?" दीर पोट धरून हसला.

मग दिरानं काकांना व्हिडिओ कॉल लावला, दोन्ही कुत्र्यांसमोर फोन धरला. गोदामातला गोंगाट, मध्येच काकांचं कपाळ. "दोनी सारखीच दिसत्यात की रं. नर घ्या. तिला जे बरं वाटंल ते घ्या. ठेवतो, माल आलाय."

मावशी या सगळ्यात नव्हतीच. ती बांधावर जाऊन बसली होती, कुत्र्यांकडं पाठ करून, पदराच्या टोकाशी चाळा करत. मला ही तिची तऱ्हा ठाऊक होती. बाजारात शेळी घेतानाही ती असंच करते. जनावराकडं बघतच नाही. व्यापारी वैतागतो, आवं घ्यायची हाय का न्हाई म्हणतो. ती म्हणते, "बसल्याली बघू दे की. पळताना समदीच चांगली दिसत्यात."

मालकानं शीळ घातली आणि कुत्री सुटली. तेच ते धावणं, जे मी सुरुवातीला सांगितलं. रान केवढं मोठं झालं त्या वेळात! दुपारची झळ जमिनीवरून थरथरत वर जात होती आणि त्या थरथरीतून ती दोघं आरपार जात होती, कधी दोन, कधी एकच, कधी नुसती धुळीची रेघ. दीर बोलायचा थांबला. मालक थांबला. मीही. कुणी कुणाला पटवून देत नव्हतं, असे ते काही क्षण होते, आणि मला वाटलं हे संपूच नये. मादी पुढं होती. नर तिच्या खांद्याशी. मग पुन्हा नर. मग मला कळेनासंच झालं.

थांबली तेव्हा नर थेट हौदाकडं गेला. दीर टाळ्या वाजवत त्याच्यामागं. "शाब्बास रं जवान! ह्यो ड्यूटी करंल!" मादी धापा टाकत रानातून आडवी चालत आली. मला ओलांडून गेली. बांधावर मावशीची सावली पडली होती, तेवढ्या काळ्या तुकड्यात तिनं अंग दुमडलं आणि आडवी झाली.

मावशीनं वळून बघितलं नाही. जरा वेळानं ती बसल्या बसल्या हातभर सरकली. सावली सरकली. कुत्री उठली, सावलीत गेली, पुन्हा आडवी झाली. मावशी पुन्हा सरकली. कुत्री पुन्हा.

"वहिनी, नर बांधू का गाडीत?" दिरानं हौदावरून विचारलं.

"ही."

"ही म्हंजे?"

"ही. माझ्या सावलीतली."

दीर आला तो तावातावानं. "आवं, मादी घिऊन काय करताय? माजावर आली की धा गावची कुत्री दारात गोळा हुतील. लोक काय म्हणतील?"

"कुत्र्यांस्नी म्हणतील. मला कशाला म्हणतील?"

"तसं न्हवं वो..."

"भावजी, तुमच्या गाईला कालवड झाली तवा तुमी पेढं वाटलंसा. फुडल्या साली खोंड झाला तर दोन दिस तोंड पाडून बसलावता. तुमच्या गोठ्यात मादी पायजे, आन् माझ्या दारात नर?"

मालक म्हणाला, "फौजी, गेली तुमची चौकी."

दीर पाय आपटत पिकअप सुरू करायला गेला. तेवढ्यात मालक मावशीजवळ येऊन हळूच म्हणाला, "एक सांगतो मावशी, मागनं बोल नको. ही राखणीची न्हाई. कंचंच न्हाई ह्यातलं, नर बी न्हाई. दिसभर झोपत्यात. ही तर भुकतच न्हाई."

मावशीनं माझ्याकडं बघितलं, मी मावशीकडं. राखण करणारं कुत्रं नसेल तर घराला कुलूप, ही तर सगळ्यांची अट होती. पत्रक काढणाऱ्या बाईनं माहिती दडवू नये, असं आमचं तत्त्व आहे. मी पिकअपमध्ये चढले आणि दहिवडीपर्यंत हवापाण्याच्या गप्पा मारल्या.

निघताना तांबूस नर फाटकाशी उभा होता. त्याला माहीत नव्हतं की बहीण चाललीय. फाटकाला टेकून तो डोळे मिटत होता. मी मालकाला म्हटलं, "ह्याला पळवू नका." तो म्हणाला, "न्हाई पळवत." माझा विश्वास नाही. मी अधूनमधून फोन करते आणि कुत्रा दाखवा म्हणते. तो दाखवतो. दर वेळी तो गडी ट्रॅक्टरच्या सीटवर झोपलेला असतो.

माळावर पोचलो तेव्हा दिवस कलला होता. मावशीनं नवं जनावर दारात आल्यावर करतात ते सगळं केलं. तांब्याभर पाणी पायांवर घातलं, कपाळाला हळद-कुंकू लावलं, भाकरीचा तुकडा तिच्यावरून ओवाळला. तो तुकडा लांब फेकायचा असतो. फेकायच्या आधीच कुत्रीनं लांब मान काढून तो तिच्या हातातून अलगद घेतला आणि खाल्ला.

"आता ह्यो शकुन का अपशकुन?" दीर म्हणाला.

"भूक," मावशी म्हणाली.

मी काही दिवस तिथंच राहिले. लिहायचं होतं एक पत्रक, पण त्या घरात वेळच वेगळा चालायचा. दुपारी वारा पठारावरून उतरायचा, पवनचक्क्यांची पाती फिरत फिरत कुठंच पोचायची नाहीत. मावशीनं कुत्रीसाठी उंबऱ्यात जुनी वाकळ अंथरली होती. त्यावर ती झोपायची, आणि झोपली की धावायची. आधी एक पंजा हलायचा, मग चारही पाय. ओठ थरथरायचे, दात दिसायचे. ती पुन्हा त्या काळ्या रानात असायची आणि आम्ही दोघी बघत बसायचो. शेळ्यांची भीती होती, पहिल्याच दिवशी मिटली: एका म्हाताऱ्या शेळीनं तिला धडक दिली, तेव्हापासून ती वाड्याच्या बाजूनं जातच नाही. माजाचा प्रश्न तालुक्याच्या जनावरांच्या दवाखान्यात ऑपरेशन करून सुटला. नसबंदी शेवटी बाईचीच झाली, याची नोंद घ्यावी.

आणि एक गोष्ट आमच्या लक्षात आली. ती डोळे उघडे ठेवून झोपते. पुरते नाही, पण उघडे. गाढ झोपेतही समोर बघतेय असं वाटावं इतके.

एका दुपारी दीर आला. नेहमीसारखा, हाक न मारता. अंगण ओलांडलं आणि उंबऱ्याशी थबकला. कुत्री आडवी होती. डोळे त्याच्यावर. आवाज नाही, हालचाल नाही.

"वहिनी," तो बारीक आवाजात म्हणाला, "ही बघतीया माझ्याकडं."

"बघंल की." मावशी आत सुपात हुलगा निवडत होती.

"भुकत का न्हाई पण?"

"तिचं तिला ठावं."

त्यानं एक पाय पुढं टाकला. नेमकं त्याच वेळी झोपेतल्या झोपेत तिचं धावणं सुरू झालं. पंजे हलले, ओठ वर गेला, दात चमकले. सीमेवर कुठं कुठं ड्यूटी केलेला माणूस तो, मागच्या पावलांनी अंगण ओलांडून थेट बांधावर जाऊन उभा राहिला. तिथून ओरडला,

"वहिनी, कुत्री बांधा की!"

मी पेनाचं टोपण चावत भिंतीकडं तोंड केलं. मावशी शांतपणे म्हणाली, "थांबा भावजी, बांधते."

आणि उठली नाही. सुपातला हुलगा पाखडून झाला. खडे वेचून झाले. तोंडावर पाणी मारलं, केस नीट केले, पदर खांद्यावर घेतला. भांड्यावर झाकण ठेवलं. मग झोपलेल्या कुत्रीवरून पाय टाकून दारात आली आणि म्हणाली, "या आता."

दीर आला तो कुत्रीला वळसा घालून. चहा पिऊन गेला. झाकणाला हात लावला नाही.

पुढचं काम गावानं केलं. लय डेंजर कुत्री हाय, आवाज न करता धरती, अशी बातमी दहिवडीच्या बाजारापर्यंत गेली. कुलपाचा विषय कुणी काढेना. कडबा दिरानं आपल्या गोठ्यामागं रचला. काकांचा मुंबईहून फोन आला, "काय गं, कुत्री म्हणं लय डेंजर?"

"व्हय," मावशी म्हणाली. "तुमी बी दिवाळीला येताना बांधावरनं हाक मारून या."

काका खाकरले. मग म्हणाले, "बरं."

मी जाते अधूनमधून, सकाळची एसटी पकडून. सवयीनं थेट अंगणात शिरणार असते, आणि बांधाशी आपोआप थांबते. लिंबाखाली वाकळीवर ती राखी कुत्री पडलेली असते, पाय हवेत, कुठल्यातरी रानात जोरात धावत.

"मावशी, कुत्री बांध गं!"

"थांब, बांधते," आतून आवाज येतो.

मी उभी राहते. पठारावर पाती फिरत असतात. आत भांड्याचा आवाज होतो, मग काहीच नाही, मग मावशी काहीतरी गुणगुणते. ती आत काय करतेय मला माहीत नाही. मी वाट बघते.